हौदा एकच, पोट्टेही अन् काकाही

आज बोलायचं आहे बर्फावर. हो, बर्फावरच. बाहेर अकोल्यात पारा ४४ च्या वर आहे, अमरावतीत दुपारी गांधी चौकात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, अन् आपण बोलणार आहोत बर्फावर घसरणाऱ्या लोकांबद्दल. काऊन, ते पुढे कळेलच. हेडफोन लावा, पाणी जवळ ठेवा.

मुद्दा तसा साधा आहे. एकच जागा आहे. त्या जागेवर सात वर्षांचा पोरगाही शिकायला येतो आणि पस्तीस वर्षांची बाईही. दोघांनाही तीच जागा, तीच वेळ हवी. मग कोणी कोणाला वाट द्यायची? लहान म्हणून पोराला? वयानं मोठी म्हणून बाईला? जास्त येतं त्याला? की ज्यानं फी जास्त भरली त्याला?

मागच्या महिन्यात अकोल्याहून एका ऐकणाऱ्या ताईचा मेसेज आला. वय ३१. मुलाला रोलर स्केटिंगच्या क्लासला सोडायला जायची. तासभर कट्ट्यावर बसून मोबाईल पाहायचा कंटाळा आला, म्हणून तिनं स्वतःसाठीही स्केट्स घेतले, हेल्मेट घेतलं, गुडघ्याचे पॅड घेतले. तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका पालकानं ऐकवलं, ‘मॅडम, ही पोरांची वेळ आहे. तुम्ही पडलात पोरांच्या अंगावर तर?’ तिनं स्केट्स डब्यात भरून माळ्यावर टाकले. मला तिनं विचारलं ते असं: ‘दादा, हा नियम आहे का, की त्या माणसाच्या मनातलं आहे?’

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी शोधत बसलो. सुरुवात केली ती जिथे हा प्रश्न सगळ्यात जुना अन् सगळ्यात महाग आहे तिथून, म्हणजे बर्फाच्या रिंकपासून. आणि पोहोचलो कुठे, तर आपल्याच अमरावतीत, आखाड्याच्या मातीत.

आधी बर्फ. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा नावाचं शहर आहे. तिथे अठराव्या शतकात एक स्केटिंग क्लब होता, जगातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक. तळं गोठलं की हे लोक तिथे जमायचे. क्लबात येण्यासाठी परीक्षा असायची. एका पायावर गोल काढून दाखवायचा, मग दुसऱ्या पायावर. आणि मग उडी. कशावरून? टोपीवरून. आधी एक टोपी, मग दोन, मग एकावर एक तीन टोप्या. ज्याला जमलं तो आत. या क्लबातल्या एका पाद्र्याचं चित्र फार प्रसिद्ध आहे. काळा कोट, हात छातीवर बांधलेले, एक पाय मागे उचललेला, आणि चेहरा असा गंभीर की जणू प्रवचनच चालू आहे. रॉबर्ट वॉकर त्याचं नाव. स्केट घातलेला हा पहिला ‘स्टार’ चांगला वयस्क, पोटापाण्याचा उद्योग असलेला माणूस आहे, हे ध्यानात ठेवा. बर्फ तेव्हा मोठ्यांचा होता. म्हणजे मोठ्या पुरुषांचा, खरं सांगायचं तर.

तळं फुकट असतं. त्यामुळे भांडण कमी. भांडण सुरू होतं ते जागा विकत मिळायला लागते तेव्हा. १८७६ मध्ये लंडनमध्ये जॉन गॅमगी नावाच्या माणसानं यंत्रानं गोठवलेला बर्फ असलेली रिंक उघडली. ग्लेशियारियम. जमिनीखालून नळ्या, नळ्यांतून थंडगार द्रव, वर पाण्याचा थर. थंडी नसली तरी बर्फ! पण तो बर्फ टिकवायला पैसा लागतो, रोज लागतो. अन् जिथे मिनिटाचे पैसे लागतात तिथे मिनिटं वाटून घ्यावी लागतात. ‘सेशन’ नावाचा प्रकार इथूनच येतो. अमक्या वेळी अमके, तमक्या वेळी तमके.

आता एक मजेदार गोष्ट सांगतो, मला स्वतःला ही फार आवडली. फिगर स्केटिंग म्हटलं की आपल्याला काय दिसतं? चकमक कपडे, संगीत, हवेत तीन-चार गिरक्या. पण त्यातल्या ‘फिगर’ शब्दाचा अर्थ आहे आकृती. बर्फावर पात्याच्या धारेनं आठाचा आकडा काढायचा. मग त्याच रेषेवरून पुन्हा, आणि पुन्हा. रेष रेषेवर बसली पाहिजे. परीक्षक खाली वाकून, डोळे बारीक करून रेषा बघायचे, जसा आपला सोनार नथीचा टाका बघतो. कित्येक दशकं एकूण गुणांतला मोठा वाटा या आकृत्यांना होता. १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबानं सुवर्ण जिंकलं ते याच आकृत्यांच्या जोरावर. संगीतावरच्या मुक्त प्रकारात ती सातवी होती! अमेरिकेची जॅनेट लिन त्यात पहिली आली, तिच्या हाती आलं कांस्य. टीव्हीवर बघणाऱ्या लोकांना काही समजेना. त्यांनी आकृत्या पाहिल्याच नव्हत्या, त्यांनी फक्त नाच पाहिला होता.

तर या आकृत्यांच्या सरावाला म्हणायचे ‘पॅच’. पॅच म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगायचं तर वाफा. शेतात कसे मेथीचे, कोथिंबिरीचे वाफे पाडतो, तसे रिंकच्या बर्फाचे वाफे पाडायचे आणि एकेकाला एकेक द्यायचा. बर्फ नुकताच गुळगुळीत केलेला असायचा. कोणी बोलायचं नाही. पात्याची खरखर तेवढी ऐकू येणार. अन् या वाफ्यावर आठ वर्षांची पोरगी आहे, शेजारच्या वाफ्यावर पन्नाशीचे गृहस्थ. दोघांचा एकमेकांना काडीचा त्रास नाही. तिचा वाफा तिचा, ह्याचा वाफा ह्याचा.

१९९० मध्ये आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून टाकल्या. का, तर टीव्हीला त्यात रस नाही, वेळ फार जातो, रिंक भाड्याचा खर्च फार होतो. कारणं पटण्यासारखी होती. पण त्याबरोबर हळूहळू वाफेही गेले. आता उरला तो मोकळा सराव. त्यात सगळे सगळीकडे. एक जण उलटा वेगानं येतोय, एक जण मधोमध गिरकी घेतोय, एक जण कोपऱ्याकडे उडीसाठी झेपावतोय. त्यात शिकाऊ काकू कडेचा कठडा धरून उभ्या. म्हणजे बघा, खेळाचे गुण कसे द्यायचे यावर वर कुठेतरी एक निर्णय झाला आणि त्यानं शेवटच्या रिंकवरच्या शेवटच्या काकूंचा कोपरा गेला.

वाफे गेल्यावर भार सगळा शिष्टाचारावर आला. आज जगभरच्या रिंकवर साधारण एकसारखेच नियम आहेत, कुठे पाटीवर लिहिलेले, कुठे न लिहिलेले. ज्याचं संगीत चालू आहे त्याला पहिली वाट. ओळखू यावं म्हणून कुठे कुठे त्याला रंगीत पट्टा किंवा जाकीट घालायला देतात. त्यानंतर ज्याची शिकवणी चालू आहे त्याला. गिरक्या मधल्या भागात. कोपरे उड्यांसाठी मोकळे, तिथे गप्पा मारत उभं राहायचं नाही. पडलात तर लवकर उठा, बर्फावर बसून गुडघा चोळत बसू नका. उलटं जाण्याआधी मान वळवून बघा. आणि कडेला उभं राहायचं तर कठड्याला चिकटून.

या यादीत वय कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? बारा वर्षांच्या मुलीचं संगीत चालू असेल तर पन्नाशीच्या वकीलसाहेबांनी बाजूला व्हायचं. वकीलसाहेबांचं चालू असेल तर तिनं. आणि ती बारा वर्षांची मुलगी वकीलसाहेबांपेक्षा दसपट चांगली असणार, हेही ठरलेलंच. रिंकवर बहुतेक वेळा ज्येष्ठ असतं ते लेकरू.

हे असं नेहमी नव्हतं. १९०२ मध्ये मॅज सायर्स नावाच्या इंग्रज बाईनं थेट जागतिक स्पर्धेत पुरुषांविरुद्ध नाव दिलं. बायकांनी येऊ नये असा नियमच कोणी लिहिला नव्हता, कारण कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दुसरी आली. १९०८ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २७ वर्षांची होती. मग १९२४ च्या शामोनीच्या स्पर्धेत नॉर्वेची अकरा वर्षांची सोन्या हेनी उतरली. आठ जणींत आठवी, शेवटची. पण चारच वर्षांनी, पंधराव्या वर्षी, सुवर्ण. तिथून पुढे या खेळाचं वय खालीच येत गेलं. इतकं खाली की २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेला वरिष्ठ गटाचं किमान वय पंधरावरून सतरा करायचा निर्णय घ्यावा लागला. आणि उलट्या बाजूनं, मोठ्यांनाही आपली वेगळी जागा मागावी लागली. अमेरिकेत १९९५ पासून प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा होते, आणि २००५ पासून जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ गावात प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, २८ वर्षं आणि वरच्यांसाठी. सत्तरी गाठलेले लोक तिथे येतात. पोशाख तसाच चमचमता असतो, बरं का.

आपल्याकडे बर्फाची गोष्ट चार ओळींत संपते. सिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे, थंडी पडली अन् आभाळ निरभ्र असलं तरच चालते. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली, ती नंतर कित्येक वर्षं कुलपातच राहिली. महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या पोरांना आठवत असेल ती मुंबईच्या एस्सेलवर्ल्डमधली. शाळेची सहल, भाड्याचे ओले बूट, आणि कठड्याला लटकलेली अख्खी सातवी ब. वऱ्हाडात मात्र चाकं. सिमेंटचं कोर्ट अन् चार चाकांचे स्केट्स. नियम मात्र बर्फावरचेच लागू पडतात, कारण वेग तोच, हाडं तीच.

पण एक जागा अन् अनेक वयं हा प्रश्न वऱ्हाडात चाकांबरोबर नाही आला. तो इथे आधीपासून होता, अन् त्याचं उत्तरही होतं. ते मातीत होतं.

थोडा इतिहास. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. अमरावती हे काही झोपलेलं गाव नव्हतं. १८९७ चं काँग्रेसचं अधिवेशन इथे झालं, सर शंकरन नायर अध्यक्ष होते, आणि टिळकांचे जवळचे साथीदार दादासाहेब खापर्डे इथलेच. या हवेत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. आपण अमरावतीकर ज्याला नुसतं ‘एचव्हीपीएम’ म्हणतो आणि ज्याच्या समोरून रोज गाडी काढतो, तेच. क्रांतिकारक राजगुरूंनी इथे व्यायामाचं शिक्षण घेतलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्तानं मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. अमरावतीहून बर्लिन, तेही बोटीच्या काळात! यावर एक पूर्ण भाग करायचा आहे, आज फक्त नमस्कार करून पुढे जातो.

मला आज मोठ्या संस्थेपेक्षा छोट्या आखाड्यात जास्त रस आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, परतवाड्याकडच्या एका साध्या आखाड्यात जायचे. पत्र्याचं छप्पर, मारुतीचा फोटो, कोपऱ्यात मुद्गल, आणि मधोमध हौदा. हौदा म्हणजे कुस्तीची मातीची जागा, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. लाल माती चाळून घ्यायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू. अन् ती माती रोज फावड्यानं खणून मोकळी करायची, नाहीतर दगडासारखी घट्ट होते आणि पडणाऱ्याच्या खांद्याचं काम होतं.

आबांच्या आखाड्यात हौदा एकच होता आणि येणारे तीस-चाळीस. दहा वर्षांचे पोट्टेही, अन् बैलबाजारात दलाली करणारे चाळिशीचे पैलवानही. आबा सांगायचे ते नियम मी एकदा फोनवर रेकॉर्ड करून ठेवले होते, त्यातलेच सांगतो.

पहाटेची वेळ मोठ्यांची, कारण त्यांना नंतर कामावर जायचं. संध्याकाळची पोरांची, शाळा सुटल्यावर. पण पहाटे एखादा पोरगा आला तर त्याला हाकलायचं नाही. त्यानं आधी फावडं घ्यायचं. ‘आधी माती खना, मंग मातीत उतरा.’ खणणं हीच फी, अन् खणणं हाच व्यायाम. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची. चपला बाहेर. थुंकायचं नाही. दोघं झुंजत असतील तर त्यांच्या मधून जायचं नाही, कडेनं फिरून जायचं. हौद्याच्या कडेला उभं राहणाऱ्यानं नुसतं उभं राहायचं नाही, कोणी अंगावर येऊन पडलं तर हातानं आवरायचं.

आणि मोठ्यानं लहानाशी लढताना अंगाचं वजन टाकायचं नाही. हा नियम आबा दोनदा सांगायचे. ‘पोट्ट्याले पाडनं सोपं हाय. त्याले डाव लागू देनं अवघड.’ म्हणजे वस्तादानं सांगितलं की अमक्या पोराला ढाक शिकव, तर चाळिशीच्या पैलवानानं दहा वर्षांच्या पोराच्या हातून पडायचं. खरंखुरं, धप्पदिशी पडायचं. खोटं पडलात तर पोराला डाव कळत नाही. लोकांसमोर. रोज. मला हे रिंकवरच्या रंगीत पट्ट्यापेक्षा फार पुढचं वाटतं. तिकडे मोठा माणूस लहानाला वाट देतो. इकडे मोठा माणूस लहानाला स्वतःचं अंग देतो, शिकायला.

आता कोणी म्हणेल, भाऊ, तू आखाड्याची आरती करतोयस. नाही. आखाड्यातली शिस्त वयाची उतरंड होती आणि उतरंडीत खालचं मडकं दबतंच. जी सेवा फावड्यापासून सुरू व्हायची ती वस्तादाचे पाय दाबण्यापर्यंत, पाणी भरण्यापर्यंत, कधी घरची कामं करण्यापर्यंत जायची. पोरानं तोंड उघडायचं नाही. एखाद्याला वर्षभर नुसतं खणायलाच लावलं तर तो कोणाकडे जाणार? आणि आबांच्या हौद्यात कोण उतरू शकत होतं ही यादीही मी त्यांना विचारली होती. बायका तर नाहीच. पुरुषांतलेही सगळे नाही. आबा थोडे गप्प झाले अन् म्हणाले, ‘तवा तसंच होतं.’ गावात दुसरा एक आखाडा होता, दुसऱ्या वस्तीचा. दोन्ही आखाड्यांत माती लालच, पण एकमेकांत मिसळायची ती फक्त दंगलीच्या दिवशी. हे सांगितल्याशिवाय आखाड्याचा इतिहास सांगू नये असं मला वाटतं.

म्हणून मला आखाड्यातली दुसरी एक जागा जास्त जवळची वाटते. मल्लखांब.

मल्लखांब हा मुळात पैलवानाचा जोडीदार. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे, आणि पेशवाईच्या अखेरीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला असं सगळे सांगतात. सागाचा किंवा शिसवीचा खांब, खाली जाड, वर निमुळता, वर बोंडासारखं टोक. जमिनीच्या वर माणसापेक्षा चांगला उंच. त्याला एरंडेल चोळतात. दोरीचाही मल्लखांब असतो. तो आधी वेताचा होता, चांगला लांब वेत मिळेना म्हणून दोरी आली.

आता बघा, कुस्तीत जोडी लागते, त्यामुळे एका वेळी दोघं-चौघं खेळू शकतात. खांबावर एका वेळी एकच. बाकीचे रांगेत. इथे वाट देण्याचा प्रश्न उरतच नाही, उरतो तो वेळेचा. रांगेची शिस्त मी स्वतः लहानपणी उन्हाळ्याच्या शिबिरात शिकलो. खांबाला नमस्कार, उडी, पकड, ठरलेला प्रकार, उतरणं, रांगेच्या शेवटी. खांबावर लटकून विचार करत बसायचं नाही. विचार रांगेत करायचा! ज्याच्या हाताला घाम जास्त त्यानं आधी पुसून घ्यायचं, पुढच्याला घसरडा खांब द्यायचा नाही. आमच्या रांगेत एक बँकेतून निवृत्त झालेले काका होते. त्यांना साधी तेढीसुद्धा नीट जमत नव्हती. त्यांच्या मागे उभा असलेला नऊ वर्षांचा पोरगा डोकं खाली, पाय वर करून सरसर चढायचा. काका त्याला विचारायचे, ‘बाबू, पाय कुठून घेतला रे?’ आणि तो त्यांना दाखवायचा, वहीतलं गणित दाखवावं तसं. त्यांना कोणी हसलं नाही, कारण ते रांगेत होते. रांगेत असलेला माणूस शिकणारा असतो, एवढंच तिथे मोजलं जायचं.

आणि मल्लखांबाचा मनोरा! तिथे तर ही सगळी भानगडच उलटते. एकाच खांबावर दहा-बारा जण. खाली पाय रोवून, खांबाला विळखा घालून बसतात ते वजनदार, मोठे. मधल्या थरात मधले. अगदी टोकावर, बोंडावर, सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं पोरगं. इथे मोठ्यांनी लहानांना सांभाळून घेतलं, असं कोणी म्हणत नाही. नुसते मोठे असतील तर टोक रिकामं राहील. नुसते लहान असतील तर बूडच नाही. उतरण्याचाही क्रम ठरलेला: आधी टोकावरचा उतरणार. तो सुखरूप जमिनीला लागेपर्यंत खालच्यांनी हलायचं नाही, मांडी थरथरली तरी.

१९८१ मध्ये मल्लखांबाचे स्पर्धेचे नियम बसले, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, वयोगट पडले. ते हवंच होतं. मुली दोरीवर आल्या, मग खांबावरही. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा खेळांत मल्लखांब होता, त्याच वर्षी गुजरातच्या राष्ट्रीय खेळांतही. चांगलं झालं. पण वयोगट पडले की वयोगटाचे क्लास पडतात. क्लास पडले की फी ठरते. पालक फी कोणासाठी भरतात? पोरांसाठी. हळूहळू रांगेतून बँकेतले काका गळतात. हे फक्त मल्लखांबाचं नाही. संध्याकाळी अमरावतीतलं कुठलंही मैदान बघा, अकोल्यात वसंत देसाई क्रीडा संकुलाच्या बाजूनं चक्कर मारा. आत पोरं पळतायत. बाहेर आई-बाबा गाडीवर बसलेत, मोबाईलचा उजेड चेहऱ्यावर. आबांच्या काळी बाप हौद्यात असायचा आणि पोरगा फावडं घेऊन कडेला. आता पोरगा आत आहे अन् बाप पार्किंगमध्ये. बर्फाच्या रिंकवर सोन्या हेनीनंतर जे व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली, ते आपल्याकडे मला वाटतं वीसच वर्षांत झालं.

म्हणून त्या अकोल्याच्या ताईला मी जे उत्तर लिहिलं ते तुम्हालाही सांगतो. ताई, तो नियम नाही. तो त्या माणसाच्या मनातलाही पूर्ण नाही, कारण त्याची भीती खरी आहे. साठ-सत्तर किलोचा शिकाऊ माणूस पंचवीस किलोच्या पोरावर पडला तर लागणारच. पण या भीतीवर उपाय शोधून झालेले आहेत, दोन-अडीचशे वर्षांत. आकृत्या शिकायच्या असतील तर वाफा मागून घे, कोर्टाचा एक कोपरा खडूनं आखून. पोरांची शर्यत चालू असताना कडेला थांब. तुझी शिकवणी चालू असेल तेव्हा पोरांना कडेला थांबवायला सरांना सांग. सारखं मागे बघ. आणि पडलीस तर लवकर उठ.

आमच्याकडे, म्हणजे मी राहतो त्या भागातल्या सिमेंटच्या कोर्टवर, गेल्या हिवाळ्यापासून आम्ही पाच-सहा मोठे स्केटिंग शिकतो. सगळ्यात लहान मी, २७ चा. सगळ्यात मोठ्या एक काकू, ५४ च्या, शाळेत शिक्षिका आहेत. सरांनी आधी नाहीच म्हटलं. मग म्हणाले, पोरांच्या तासातली शेवटची वीस मिनिटं या, पण एका अटीवर. कोर्टवर रोज बारीक वाळू येते, वाऱ्यानं. चाकाखाली खडा आला की पोरगं तोंडावर आपटतं. तुम्ही मोठे दहा मिनिटं आधी या आणि कोर्ट झाडून द्या. सर तिशीचे आहेत, त्यांना आबांचं फावडं माहीत असायचं काही कारण नाही. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, माझ्याकडे झाडायला माणूस नाही, एवढंच.’

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. वीस मिनिटं कमी पडतात. एक तेरा वर्षांची मुलगी आहे, राज्य पातळीवर खेळते, तिला तो वेळ हवा आहे, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे, तिची स्पर्धा दिवाळीनंतर आहे, आमची कधीच नाही. सध्या असं ठरलंय की तिचं गाणं लागलं की आम्ही कडेला, गाणं संपलं की आम्ही आत. गाणं तीन मिनिटांचं आहे. ती ते सहा वेळा लावते. काकूंनी हिशेब करून सरांना सांगितलं की मग आमच्याकडे दोनच मिनिटं उरतात. आता पुढच्या आठवड्यात सर, ती मुलगी, तिचे बाबा आणि आम्ही बसणार आहोत. तिच्या बाबांना मी स्केट्स घ्यायला सांगून पाहिलं. हसले, पण बुटाचा नंबर सांगितला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, कॉलनीत, मैदानावर मोठ्यांना वेळ आहे का, असेल तर कसा ठरला, नसेल तर कोणी नाही म्हटलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आखाड्यात गेलेले आजोबा किंवा आजोबांचे दोस्त घरी असतील तर त्यांना फोन द्या, ते बोलू द्या, मधे बोलू नका. पुढच्या भागात बर्लिनला गेलेलं पथक. तोवर राम राम!